एका हीटरचा हिशेब

“ए! थांब! माझ्या आईचा खोका घेऊन कुठे निघालास?”

थेस्सालोनिकीच्या बसस्थानकावर, पार्सलच्या खिडकीपाशी, एव्हान्थिया इतक्या जोरात ओरडली की छपराखालची कबुतरंसुद्धा उडाली. खोका बगलेत मारून निघालेला उंच मुलगा वळला... आणि हसला. ते हसू तिला आवडलं नाही. म्हणजे, आवडलं — पण त्या क्षणी नको होतं.

“तुझ्या आईचा कसा? कारायान्निस लिहिलंय. मीच तो, स्तेर्गिओस कारायान्निस.”

“नीट वाच. कारायान्नी! ‘स’ कुठे दिसला तुला?”

“मला वाटलं, चिकटपट्टीखाली गेला असेल.”

आडनाव दोघांचं एकच. ग्रीकमध्ये बाईच्या आडनावातला शेवटचा ‘स’ तेवढा गळतो, आणि खिडकीतल्या काकांनी घाईत तो पाहिलाच नव्हता. पण त्या एका अक्षरात एव्हान्थियाचा अख्खा आठवडा अडकला होता. दर शुक्रवारी गावाकडून, ग्रेव्हेनाच्या बसने, आईचा खोका यायचा — पालक भरून भाजलेली पिटा, खिम्याचे गोळे, पाण्याच्या बाटलीत भरलेलं ऑलिव्हचं तेल. त्यावर ती आठवडा काढायची, तेव्हा कुठे खोलीचं भाडं सुटायचं.

“वास काय सुटलाय!” स्तेर्गिओस खोका नाकाशी नेत म्हणाला. “थोडं देतेस? बदल्यात माझ्या आईच्या भाजलेल्या लाल मिरच्या. खास फ्लोरिना गावच्या आहेत.”

“आधी खोका दे.”

त्याने खोका दिला, आणि खिडकीतून स्वतःचा खोका मिळताच त्यातली मिरच्यांची बरणीही दिली. आता कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे दोघांच्याही आयांनी लहानपणापासून घोटून घेतलेलं. तिने बरणीत कोबीचं लोणचं भरून दिलं, त्याने पुढच्या शुक्रवारी डब्यात भाजलेले चेस्टनट भरले... आणि हे देणं-घेणं काही संपेचना.

मग ती त्याला आपल्या बाजारात नेऊ लागली.

“संत्री आत्ता घ्यायची नाहीत. बाजार उठू दे. मग तेच हाका मारतील.”

“माणसांनाही असंच ताटकळत ठेवतेस का... भाव उतरेपर्यंत?”

“काहींना,” ती म्हणाली, आणि उगाचच कांदे निवडत बसली. कान मात्र लालेलाल झाले होते.

डिसेंबरात वार्दारिस सुटला. हा वारा सुटला की शहरात कुणाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. एव्हान्थिया खोलीत कोट घालून बसली होती. हीटर होता, पण बिलाच्या धास्तीने तो नुसता शोभेला. स्तेर्गिओस चहाचा कप दोन्ही हातांत फिरवत होता.

“मी काय म्हणतो... मी इथेच राहायला आलो तर? भाडं अर्धं. हीटर एकच. बचतच बचत!”

ती पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली. खिडकी वाऱ्याने वाजत राहिली... पण पुढचं वाक्य काही आलं नाही.

“बघते,” ती म्हणाली.

तेव्हापासून तिचं कशात लक्ष लागेना. मसूर करपली. पुस्तक उघडलं की त्याचं ‘बचतच बचत’ कानात वाजायचं. एरवी पै-पै जोडणारी मुलगी, आणि आता काटकसरीच्या नावानेच तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. हो म्हणावं, तर भाडं वाटून घ्यायला मिळालेली मुलगी म्हणून राहायचं. नाही म्हणावं, तर शुक्रवार सुने. तो आपल्याला आवडतो, फार आवडतो, हे तिला चांगलंच कळलं होतं. त्याला काय वाटतं, तेवढंच कळत नव्हतं.

शेवटी एका दुपारी ती तडक विद्यापीठाच्या खाणावळीत गेली. तिथला फुकट जेवणाचा पास तिला कधी मिळालाच नव्हता. वडिलांचं अक्रोडाचं रान कागदावर भलतंच श्रीमंत दिसायचं. स्तेर्गिओस ताट घेऊन रांगेत उभा होता.

“माझं उत्तर ‘नाही’ आहे,” ती धापा टाकत म्हणाली. “भाडं वाचवायला दुसरी कुणीतरी शोध!”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. पण वाढणाऱ्या मावशींचा डाव हवेतच थांबला.

“भाडं? ह्याला? अगं, हा इथे मागच्याच वसतिगृहात राहतो. खोली फुकट, जेवण फुकट, आणि ऊब इतकी की मेले खिडक्या उघड्या टाकून झोपतात!”

एव्हान्थिया त्याच्याकडे वळली. तो राहतो कुठे, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

“मग... बचत कुणाची?”

“तुझी.” त्याने मान खाली घातली. “माझा तर चक्क तोटा आहे.”

“मग असं का बोललास?”

“फायदा दिसल्याशिवाय तू कांदासुद्धा घेत नाहीस. म्हटलं, मला कशाला घेशील?”

तिला हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

“आता हिशेब सोडून बोल,” ती हळूच म्हणाली. “एकदाच... पण सरळ.”

“प्रेम आहे माझं तुझ्यावर, एव्हान्थिया. शुक्रवार ते शुक्रवार जीव थाऱ्यावर नसतो.”

रांग खोळंबली होती. मागून कुणीतरी शीळ घातली.

“अरे, प्रेम बाजूला होऊन करा!” मावशी ओरडल्या. “ताट पुढे कर, बाळा. पांढऱ्या घेवड्याचा फासोलादा गार होतोय.”

एव्हान्थियाने त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि मागच्याच्या हातात दिलं.

“दुसऱ्या कुणाला वाढा, मावशी. हा आजपासून माझ्याकडे जेवेल.”