न्हाणीची कडी

त्र्याहत्तरचा उन्हाळा. मी केडगावात वायरमन होतो. लोकांच्या घरची वायरिंग तपासायची, अर्थिंग नीट करून द्यायचं, हे माझं काम. त्या साली जमिनीत ओलच उरली नव्हती. अर्थिंगचे खड्डे कोरडे पडलेले, त्यामुळं घरोघरी झटके बसायचे. गावातल्याच राधाकृष्णाचा निरोप आला तोही तसाच. बल्ब काढून ट्यूबलाइट लावायच्या, वीज कमी जळते म्हणून. आणि न्हाणीघरात झटका बसतो, तो बघायचा.

मला जायचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याची पहिली बायको, बनुबाई, त्याच न्हाणीत शॉक लागून गेली होती. तेव्हा फौजदारानं तपासणीला मलाच नेलं होतं. वायरिंग धडधाकट होती. पण न्हाणीच्या दाराच्या लोखंडी कडीला तार गुंडाळून नंतर काढल्याच्या ताज्या खुणा होत्या. राधाकृष्ण माझ्या खांद्याशी येऊन उभा राहिला.

"दानीएल, तुला पन बायको हाय," तो हळू आवाजात म्हणाला. एवढंच.

मी 'जुन्या वायरिंगचा दोष' असं लिहून सही केली.

शेवटी दुपारी तीनच्या सुमारास गेलो. त्याच्या दुसऱ्या बायकोनं, चांगुणानं, दार उघडलं. विशीचीही नसेल. उजव्या हाताला फडकं बांधलेलं.

"झटका बसला की हात फेकला जातो ना?" मी विचारलं.

"न्हाई, भाऊ. फेकत न्हाई... धरून ठेवतं."

मी मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात टाकले. सगळ्या तारा तपासल्या. कुठंही दोष नव्हता. मग न्हाणीपाशी गेलो. तिथं अंधारच होता आणि जळक्या केसांचा वास येत होता. सहज म्हणून कडीला टेस्टर लावला.

टेस्टर पेटला.

घरात वीज नव्हती. मी तो काढला, पुसला, परत लावला. परत पेटला. आतून बांगड्यांचा बारीक आवाज आला.

"आत कोण आहे?"

"कोन न्हाई," चांगुणा म्हणाली. "रोजच असं वाजतं..."

तेवढ्यात राधाकृष्ण आला. मी त्याला म्हणालो, "मेन बंद आहे, तरी कडीत करंट आहे. हात लावू नका."

"चार तारा जोडता येतात म्हून मला शिकवतो व्हय," म्हणत त्यानं कडी धरली.

पाची बोटं कडीभोवती वळली आणि उघडलीच नाहीत. अंग ताठ झालं, डोकं दारावर आपटू लागलं, एकदा, दोनदा, मग मोजता येईना. दातांत सापडून जीभ चिरली, रक्त सदऱ्यावर आलं. मी कोपऱ्यातली सुकी फळी उचलून त्याच्या कोपरावर घातली. हाड मोडल्याचं ऐकू आलं. हात सुटला नाही. पुन्हा घातली. कातडी जळून धूर निघत होता आणि आतून कुणीतरी दार ओढून धरलं होतं, फळीच्या प्रत्येक घावाला जास्तच जोरात.

"बने... सोड..." तो रक्तातून बोलला.

चांगुणा भिंतीला टेकून बघत होती. ती ओरडली नाही.

मग दार आपोआप उघडलं आणि तो आत पालथा पडला. न्हाणी रिकामी होती.

त्याच संध्याकाळी मी फौजदाराला सगळं सांगितलं. कडीवरच्या खुणा, माझी खोटी सही, काही लपवलं नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ती मेली, तो मेला. आता गुन्हा कुणावर लावू?" मी मात्र ते काम कायमचं सोडलं.

पाऊस झाल्यावर चांगुणाची माफी मागायला तिच्या माहेरी गेलो. राजूरच्या वर डोंगरात पंधरा घरांची वाडी. ना खांब, ना तार. ती झऱ्यावर पाणी भरत होती. मला जे बोलायचं होतं ते बोललो. तिनं मान हलवली.

"बरी आहेस ना?"

"व्हय."

भरलेला हंडा उचलून द्यायला मी वाकलो, एका बाजूनं काठ धरला. हंडा कापसासारखा वर आला. पलीकडून कुणीतरी तो उचलला होता. माझ्या बोटांत मुंग्या आल्या, मग मनगटात, मग दंडात...

"सोडा, भाऊ," चांगुणा हलकेच म्हणाली. "तिला तुमचा हात चालत न्हाई."