मास्तरची रिटायरमेंट

नऊ वर्षांत मास्तर कामावर असताना वाटेत कधी बसला नव्हता. त्या सकाळी मात्र पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या दुकानापुढे त्याने चक्क बसकण मारली... आणि त्याच्या पट्ट्याची मूठ धरून चाललेली ऑपरेटरबाई भर फुटपाथवर अडकली. तिला दिसत नव्हतं. रोज इस्पितळातल्या टेलिफोनपर्यंत तिला नेणारा मास्तर हा कुत्रा. पण शिस्त अशी कडक, की दुसरं नाव शोभलंच नसतं.

"मास्तर, ऊठ! लोक हसतायत."

"कुणी हसत नाहीये." खळीचा वास आणि एक हसरा आवाज एकदमच जवळ आले. "दमलाय तो. दोघंही आत येऊन टेका ना."

"तो दमत नाही."

"दमतो हो. महिनाभर मागचा पाय ओढतोय. मी रोज बघतो."

"रोज? कुणाला बघता?"

"...पायच बघतो," बाइंडर गडबडला.

तिला हसू फुटणार, इतक्यात तो म्हणाला, "आणि तोंडही पार पांढरं झालंय बिचाऱ्याचं."

घरी जाऊन तिने आईला विचारलं. आई म्हणाली, "कुठल्या तोंडाने सांगणार होते गं तुला?" ती रागावली, जेवली नाही, मास्तरच्या गळ्यात पडून पोटभर रडली. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि खरं बोलला तो एक परका माणूस!

मास्तर ज्या संस्थेने दिला होता, तिने महिन्याभरात नवा कुत्रा देऊ केला. पण जुना घरात असेपर्यंत नवा रुळत नाही. मास्तरला दुसरं घर शोधणं भाग होतं. मास्तरला विसावा म्हणून ती रोज संध्याकाळी दुकानात थांबू लागली. विसावा संपून तास व्हायचा, तरी उठायचं नाव कुणीच काढत नसे.

"मला द्याल का त्याला?" एकदा बाइंडरने हळूच विचारलं.

"मी भेटायला येईन हं. त्याच्यासाठीच."

"या की. त्याच्यासाठीच या."

अखेर तो दिवस आला. तिने दुकानात बसून स्वतःच्या हातांनी पट्टा उतरवला. पांढरी काठी घेऊन निघाली, तर बाइंडरने धावत येऊन तिचा दंडच धरला.

"अहो, पकडून काय नेताय? तुम्ही मला धरायचं नाही... मी तुम्हाला धरायचं." तिने त्याच्या कोपरावर हात ठेवला.

मास्तर उठला. तिचा तो हात हुंगला, आणि परत जाऊन आडवा झाला.

कोपऱ्यापर्यंत ती कान देऊन चालली. एकदाही भुंकणं ऐकू आलं नाही. मग मात्र तिला रडू आवरेना. बाइंडर नुसता उभा राहिला. समजूत घालत बसला नाही. ते तिला फार बरं वाटलं.

"नवा कुत्रा आला, की... माझा हात सुटणार ना?" दोघं पुन्हा चालू लागल्यावर त्याने विचारलं.

"तो मला कामावर नेईल." तिने डोळे पुसले. "संध्याकाळी फिरायला मला तुमच्याच बरोबर जायचंय. आवडता तुम्ही मला. सरळ सांगते."

आणि बाइंडर ठेचकाळला.

"पायरी आली, की आधी सांगायची असते," ती म्हणाली.

"सांगणारच होतो हो... पण तुम्ही मध्येच हे काय सांगितलंत!"

रडता रडता ती खळखळून हसली, आणि कोपरावरची पकड तिने आणखी घट्ट केली.