झाडलेल्या कोर्टावर

ताई आणि धाकटी या दोघी बहिणी गेली कित्येक वर्षं रोज सकाळी टेनिस खेळतात, आणि कित्येक वर्षं रोज सकाळी ताईच जिंकते. क्लबातल्या मंडळींच्या हे इतकं अंगवळणी पडलंय की आज कोण जिंकलं असं कुणी विचारतसुद्धा नाही. हरणारीनं कॉफी पाजायची असा दोघींचा ठराव आहे, त्यामुळे कॉफीचे पैसे द्यायला धाकटी उठली की कॅंटीनवाला तिच्याकडे न बघताच सुटे पैसे काढून ठेवतो.

क्लब म्हणजे काही फार मोठा थाट नाही. खाली व्यायामशाळा, वर योगासनांचा हॉल, मागे पोहण्याचा तलाव आणि त्याच्या पलीकडे लाल मातीचं एकच टेनिस कोर्ट. थंडीपावसात या कोर्टावर जाड पांढऱ्या कापडाचा घुमट चढवतात. आत सतत हवा भरत राहणारा पंखा असतो, त्या हवेवरच तो उभा राहतो. सगळे त्याला फुगा म्हणतात. गोल फिरणाऱ्या दारातून आत शिरलं की कानात दडे बसतात, बाहेरचा आवाज तुटतो, आणि मग पंख्याची घरघर आणि चेंडूचा टप्पा, एवढंच ऐकू येतं. उन्हाळा आला की फुगा उतरवून गुंडाळून ठेवतात. खेळ मात्र बाराही महिने चालू.

आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती आणि ताई औषधांच्या दुकानात नुकती लागली होती. पुढे ताईनं स्वतःचं दुकान काढलं, धाकटीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. स्वतः लग्न केलं नाही ते धाकटीमुळे की दुकानामुळे, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. धाकटीचा नवरा गेला तेव्हा ताईनंच आपल्या वरचा मजला तिला घेऊन दिला आणि दुसऱ्या आठवड्यात हातात रॅकेट ठेवली. "रडायचं तर रड, पण सकाळी सहाला तयार राहा," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून ताई आहे म्हणजे सगळं जागच्या जागी आहे, असं धाकटीच्या मनात पक्कं बसलेलं. ताईला काही झालं तर आपण कशासाठी उठायचं, हा विचार ती मनातसुद्धा पुरा करत नसे.

ही धाकटी इस्पितळात एक्स-रे काढते. रोज लोकांची हाडं बघून बघून तिचा स्वभाव असा झालाय की दिसतं तेवढंच बोलायचं, बाकीचं डॉक्टर बघतील. म्हणून पुढचं सगळं तिला दिसलं यालाच महत्त्व आहे. मला दिसलं असतं तर तुम्ही विश्वास ठेवला नसता, आणि मीही ठेवला नसता.

लाल मातीवर चेंडू पडला की लांबट खूण उमटते. चेंडू आत होता की बाहेर असा वाद झाला, तर ज्या बाजूला तो पडला त्या बाजूच्या खेळाडूनं ती खूण शोधायची आणि रॅकेटच्या टोकानं तिच्याभोवती गोल काढून दाखवायचा. खेळ संपला की प्रत्येकानं आपापलं अर्धं कोर्ट मातीवरून जाड जाळी ओढून झाडायचं, म्हणजे पुढच्याला कोरी माती मिळते. क्लबात हा नियम न पाळणाऱ्याला दारातसुद्धा उभं करत नाहीत.

एका थंडीत, फुगा चढवून थोडेच दिवस झाले होते, दोघी सकाळी आत गेल्या तर कोर्ट गुळगुळीत झाडलेलं, आणि त्यावर दोन-तीन ठिकाणी चेंडूच्या खुणा. प्रत्येकीभोवती गोल.

"कालच्या लोकांनी जाळी ओढलेली दिसत नाही," ताई म्हणाली. औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं तिनं वाकून ते बघितलं आणि नाक मुरडलं.

"जाळी ओढलीय ताई. बाकी बघ ना कसं साफ आहे."

"मग अर्धवट ओढली. खेळायचंय का चौकशी समिती नेमायचीय?"

खेळल्या. दुसऱ्याच गेममध्ये ताईचा एक फटका रेषेजवळ पडला. धाकटी खूण बघायला गेली तर चेंडू सकाळच्या गोलात पडला होता. अगदी मधोमध. गोल काढायची गरजच नव्हती. थोड्या वेळानं दुसरा वाद झाला, तोही चेंडू गोलातच. धाकटीनं कोर्टवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, रात्री मीच पाणी मारतो, मीच जाळी ओढतो, मीच दार लावतो, आणि तुम्हाला काही तक्रार असेल तर ऑफिसात लिहून द्या.

दुसऱ्या दिवशी नव्या जागी नव्या खुणा होत्या. तिसऱ्या दिवशीही होत्या. धाकटीनं मग शहाणपणा केला. ताई बुटाची नाडी बांधत होती तेवढ्यात तिनं एका गोलावर पाय घासून तो पुसून टाकला. तासाभरानं ताईचा चेंडू तिथंच येऊन पडला. धाकटीला रॅकेट टेकवून गोल काढावा लागला, तो हुबेहूब सकाळचाच निघाला. आणखी एकदा तिनं मुद्दाम चेंडू गोलाच्या उलट्या कोपऱ्यात मारला. चेंडू नेटच्या पट्टीला थडकला, वळला आणि लोळत लोळत जाऊन गोलात बसला. आता यावर काय बोलणार?

भीती वाटली का? थोडीशी. पण माणूस मोठा बेरकी असतो. चारदोन दिवसांत धाकटीच्या लक्षात आलं की ताईचे अवघड फटके कुठं पडणार हे आपल्याला आधीच कळतंय. ती आधीच तिथं जाऊन उभी राहायला लागली. आणि एका सकाळी, पंख्याच्या घरघरीत, ती आयुष्यात पहिल्यांदा सेट जिंकली.

ताई नेटजवळ आली, कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिली.

"शेंडेफळ, काय खाऊन आलीस आज?"

"तुझं वय झालं, ताई."

"वय तुझंही झालंय. चल, कॉफी माझ्याकडून."

कॅंटीनवाल्यानं सवयीनं धाकटीसमोर सुटे पैसे ठेवले आणि ताईनं पाकीट उघडल्यावर तो हातातलं फडकं तसंच धरून उभा राहिला. त्या दिवशी धाकटी इस्पितळात दिवसभर गुणगुणत होती. ताईसुद्धा खुशीत होती, कारण आपण हरलो यापेक्षा धाकटी जिंकली याचंच तिला जास्त अप्रूप होतं. खुणांचं काय ते दोघींपैकी कुणी बोललं नाही. ताईला योगायोग वाटत होता, आणि धाकटीला तो योगायोग गमवायचा नव्हता.

असे बरेच दिवस मजेत गेले. मग एक दिवस ताई दारात कुणाशी तरी बोलत राहिली म्हणून धाकटी एकटीच पुढं आत आली. माती नेहमीसारखी ओलसर, कोरी. चेंडूची एकही खूण नव्हती. पलीकडच्या बाजूला एका कोपऱ्यात, बेसलाइनच्या, म्हणजे मागच्या रेषेच्या, थोडं आत, काहीतरी मोठं होतं.

ती जवळ गेली. आधी बूट घसरल्याचा लांब ओरखडा होता. त्यापुढं माती दबून सपाट झाली होती, खांदा आणि कंबर टेकावी तशी. आणि एका बाजूला हाताचा पंजा, बोटं फाकलेली. या सगळ्याभोवती मोठा गोल काढलेला होता. नीट, न तुटता, चेंडूभोवती काढतात तसाच.

ती ताईची आवडती बाजू. ताई नेहमी आधी तिथूनच सर्व्ह करायची.

गोल दार फिरल्याचा आवाज आला. धाकटी जवळजवळ धावतच गेली आणि तिनं ताईला दारातच अडवलं.

"आज नको खेळायला. मला चक्कर येतेय."

"तुला? रक्तदाब बघितलास?"

"बघू नंतर. बाहेर बस माझ्याजवळ."

ताईनं तिच्या कपाळाला हात लावला, नाडी धरली, आणि तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. त्यांच्या वेळेला मग दातांचे डॉक्टर आणि त्यांचे वकील मित्र खेळायला गेले. दोघंही वजनदार गडी. धाकटी फुग्याच्या छोट्या प्लास्टिकच्या खिडकीला नाक लावून बघत राहिली. त्यांना सांगावं असं तिला दहादा वाटलं. सांगणार काय? आणि खरं सांगायचं तर, त्या दोघांपैकी कुणी पडलं आणि ताई सुटली तर बरंच, असंही तिच्या मनात येऊन गेलं. त्याची तिला नंतर लाज वाटली. पण तेव्हा नाही वाटली.

कुणीही पडलं नाही. घाम पुसत दोघं बाहेर आले.

"आज त्या कोपऱ्यात बॉल जातच नव्हता," दातांचे डॉक्टर म्हणाले. "का कोण जाणे."

ताई कॉफी आणायला गेली. धाकटी आत शिरली. डॉक्टर आणि वकिलांनी जाळी ओढली होती, माती पुन्हा सपाट झाली होती. तो गोल मात्र तसाच होता. त्यातून एकही बूट गेला नव्हता, जाळीसुद्धा फिरली नव्हती.

ती गोलात गेली आणि खाली बसली. हातांचा आकार बघणं हा तिचा रोजचाच धंदा. ताईचा पंजा रुंद, बोटं आखूड, आयुष्यभर बरण्यांची झाकणं उघडून थोराड झालेली. मातीतली बोटं मात्र लांब आणि बारीक होती. करंगळी जरा बाहेर फाकलेली.

धाकटीनं आपला हात त्यावर ठेवला.

बसला. करंगळीसकट.

तिला त्या क्षणी काय वाटलं असेल? भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते हायसं. इतकं हायसं की तिथंच मातीत बसून ती हसली आणि डोळे पुसले. ताईचा नाही. माझा आहे. ताई नाही.

कॉफी पिताना ती म्हणाली, "उद्या खेळूया. पण ताई, यापुढं बाजू नको बदलायला. पलीकडे मीच राहते."

"का? नियम आहे बदलायचा."

"पलीकडे पंख्याचा झोत येतो. तुझा खांदा धरतो ना."

"तुला कधीपासून माझ्या खांद्याची काळजी?" ताई म्हणाली, पण बरं वाटलेलं तिला लपवता आलं नाही.

तेव्हापासून त्या तशाच खेळतात. थंडी सरली, फुगा उतरवला, कोर्टावर आभाळ आलं. पलीकडच्या बाजूला आता सकाळचं ऊन डोळ्यांवर येतं, तरी धाकटी तिथून हलत नाही. ताईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ऊन तिला नको, असं ती सगळ्यांना सांगते. ठसा रोज सकाळी असतो. चेंडूच्या खुणा परत आल्या नाहीत, त्यामुळे ताई पुन्हा रोज जिंकते आणि धाकटी रोज कॉफीचे पैसे देते. झाडताना ती आपलं अर्धं कोर्ट झाडते, ठशाच्या कडेकडेनं जाळी फिरवते, आणि नेटपलीकडे ताई आपलं अर्धं. चष्मा काढून खेळणाऱ्या ताईला तिकडून तेवढं दिसत नाही.

धाकटी खुशीत आहे म्हटलं तर खोटं वाटेल. पण आहे. फटके मोकळे मारते. घरी जाताना ताईचा हात धरते, आणि ताई सोडवून घेत नाही. आपलं पडणं कधी, ते तिला माहीत नाही. आज नाही झालं, एवढं मात्र रोज कळतं, आणि ते कळलं की कॉफीला वेगळीच चव येते.

काल सकाळी मात्र ती ठशाजवळ जरा जास्त वेळ थांबली.

ठसा तोच होता. ओरखडा, खांदा, पंजा. पण गोलाच्या आत, डोकं जिथं येईल तिथं अगदी चिकटून, आणखी दोन खुणा होत्या. वाटोळ्या, थोराड, शेजारी शेजारी. गुडघ्यांच्या.

ओल्या मातीत त्या खोल गेल्या होत्या. कुणीतरी खूप वेळ तिथं बसून राहिलं होतं, आणि कुणी कितीही बोलावलं तरी उठलं नव्हतं.

"काय बघतेस एवढं?" ताईनं नेटपलीकडून विचारलं. "चल, सर्व्ह तुझी."

"काही नाही," धाकटी म्हणाली, आणि तिनं चेंडू उचलला.