धुक्यातली टिकटिक

"माझ्या भावाला उद्या पोलिसांच्या ताब्यात देणार आहेत. विमान पाडायला निघाला होता म्हणे. ज्याला साधा उंदीर मारवत नाही, तो!"

बाई खुर्चीत बसली, पण पर्स काही छातीपासून सोडेना.

खोदबाई खासगी तपास करायची. खोदून खोदून विचारते म्हणून लोकांनी ठेवलेलं हे नाव. नवरा तिच्याबरोबर असायचा. गाडी चालवायचा आणि सगळं एक वळण उशिरा समजायचा.

हकिगत अशी. भाऊ एका लहान विमानतळावर तंत्रज्ञ. परवा सकाळी दाट धुकं होतं. विमान उतरायला आलं आणि धुक्यात त्याला वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा बिघडली. भलतीच वाट दाखवण्यापेक्षा बंद बरी, म्हणून त्याने ती बंद केली आणि टॉवरला फोन केला. नियम तोच आहे. टॉवर वैमानिकाला हे सांगणार, तेवढ्यात बोलायची फ्रिक्वेन्सीच जाम झाली. कोणाच्या तरी वायरलेस सेटचं बोलायचं बटण दाबलेलं राहिलं होतं, त्यामुळे दुसऱ्या कोणाचं बोलणं पोचेना. विमान टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवरून थोडक्यात निसटलं. माणसं वाचली. आता विमानतळाचे साहेब म्हणत होते, बिघाड लपवायला तंत्रज्ञानेच बटण दाबून धरलं.

"जमिनीवर सेट कोणाकोणाकडे?"

"टॉवरमध्ये, आगीच्या बंबात, साहेबांच्या जीपमध्ये आणि भावाच्या हातात. बस्स."

दोघं विमानतळावर पोचली, तेव्हा टॉवरमधली अधिकारी अजून सावरली नव्हती. "कानात नुसती घरघर हो! मी ओरडतेय आणि ती घरघर माझ्या अंगावरून चाललीय. वर टिक, टिक, टिक. घड्याळासारखी."

बंबवाला म्हणाला, "आमच्याकडेही तीच घरघर. वाटलं, सेट गेला. दोन थपडा मारल्या."

"बंब चालू होता?"

"छे! शेडमध्ये होता. इंजिन, दिवे, सगळं बंद."

तंत्रज्ञाला कोठीत खोक्यावर बसवून ठेवलं होतं. सेट काढून घेतलेला. "घरघर मीही ऐकली," तो म्हणाला. "पण माझं आता कोण ऐकतंय?"

साहेब मात्र ऐसपैस बोलले. "मी धावपट्टीच्या कडेला जीपमध्येच होतो. नियमाप्रमाणे चारही इंडिकेटर चालू, सेट चालू. पण आमच्याकडे चिडीचूप! टॉवरमध्ये गेलो तेव्हा कुठे हा प्रकार कळला."

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, साहेब हौशी आहेत बरं का. इथे एका खुर्चीला धड पाय नाही, पण जीपमध्ये माइक अडकवायला नवाकोरा हुक! परवा दुपारी स्वतः बंबवाल्याकडून स्क्रूड्रायव्हर मागून नेला म्हणे."

"अहो, आज तुम्ही माझ्याआधी पोचलात."

"कुठे?"

तिने सगळ्यांना जीपपाशी बोलावलं. तंत्रज्ञाचा सेट टॉवरच्या बाईंच्या हातात दिला. आकाशात विमान नाही याची खात्री करून घेतली, जीपमधला माइक उचलला आणि बटण दाबलं. बाईंच्या हातात घरघर सुरू झाली.

"अहो, जीपच्या सेटला कान लावा."

"हा तर मेलाय!"

"मेला नाही. बटण दाबलं की त्या सेटला ऐकू येणं बंद होतं. फ्रिक्वेन्सी जाम करणाऱ्यालाच घरघर ऐकू येत नाही. दुसऱ्या कोणी बटण दाबलं असतं, तर साहेब, तुमच्या जीपमध्ये घरघर यायलाच हवी होती. चिडीचूप फक्त तुमच्याकडे होतं."

"सेट बिघडला असेल," साहेब म्हणाले.

खोदबाईने बटण दाबूनच ठेवलं आणि दुसऱ्या हाताने चारही इंडिकेटर लावले. घरघरीतून टिक, टिक, टिक येऊ लागली.

टॉवरची बाई किंचाळली, "हीच! हीच ती!"

"माइक जुन्या हुकातून निसटून सीटच्या फटीत दबला. अपघात होता, कोणाच्याही हातून झाला असता. पण त्याच दुपारी तुम्ही गुपचूप हुक बदललात. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. आणि कळल्यावर तुम्ही या पोराला कोठीत बसवलंत!"

साहेब पुटपुटले, "माझी बढती..."

"घाला चुलीत!" बंबवाला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो साहेबांना असं बोलला, आणि कोणी त्याला थांबवलं नाही. साहेबाची चूक झाली की तिला तांत्रिक बिघाड म्हणायचं, हाताखालच्याची झाली की गुन्हा. या धंद्यात खोदबाईने हेच जास्त पाहिलं होतं. तिने साहेबांपुढे कागद आणि पेन ठेवलं. टॉवरची बाई साक्षीला उभी राहिली. साहेबांनी मुकाट लिहून दिलं.

बहिणीने भावाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग रडली. "घरी चल. अवतार बघ काय झालाय!"

"ताई, थांब गं. दुपारचं विमान यायचंय. यंत्रणा दुरुस्त करून कालपासून पडलीय, मला कोणी चालू करू देईना." टॉवरच्या बाईंकडून आपला सेट घेऊन तो धावतच सुटला.

"म्हणजे बघ," नवरा विचार करत म्हणाला, "घरात सगळीकडे आरडाओरडा आणि तू एकटी शांत, तर चूक तुझी?"

खोदबाई एकदम गप्प झाली.

थोड्या वेळाने जीपमधला सेट भावाच्या आवाजात बोलला. "यंत्रणा चालू. तपासून पाहिली. येऊ द्या."

"ऐकलं," टॉवरमधून उत्तर आलं.

विमान टाकीच्या पुष्कळ वरून आलं आणि अलगद टेकलं. बहिणीने तेव्हा कुठे पर्स जीपच्या बॉनेटवर ठेवली आणि दोन्ही हातांनी डोळे पुसले.