बरं होण्याचा पुरावा

कोल्हापूरच्या वाचासंशोधन केंद्रात, कपाळावरचं यंत्र बंद असताना, नेमगोंडा मगदूम बोलले.

“राजमती, चहात गूळ कमी पडलाय.”

“तीन वर्षांनी तोंड उघडलं, ते नावं ठेवायला!” राजमतीबाई हसता हसता रडू लागल्या.

डॉ. वैजयंती दाभाडेंनी मात्र आधी खोलीचं दार लावून घेतलं.

मगदूम गुळाच्या सौद्यात बोली पुकारायचे. पक्षाघातानं वाचा गेली. डॉक्टरांनी घडवलेला ‘वाचासेतू’ मेंदूत जुळणारा शब्द ओळखून तो कपाळावरच्या यंत्रातून उच्चारायचा. राज्यभर शेकडो मुकी माणसं त्यातून बोलत होती. पण एका परदेशी कंपनीनं केंद्रावर दावा लावला होता आणि कोर्ट मगदूमांवर घेणार असलेली चाचणी उद्यावर आली होती.

“मी कुणाचं काही चोरलेलं नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

“तो प्रश्नच नाही, मॅडम,” केंद्राचे वकील मुजावर हळू आवाजात म्हणाले. “नव्या कायद्यात स्वामित्वहक्क आज्ञावलीवर नाही, रीतीवर आहे. तुम्ही स्वतः शोधलीत तरी ज्यानं आधी नोंदवली त्याची.”

“आमची रीत तीच, हे ठरवणार कसं? आज्ञावली आपली आपण शिकते. आत काय चालतं ते मलासुद्धा वाचता येत नाही.”

“म्हणूनच कोर्ट परिणाम बघणार. त्यांच्या रीतीची एकच खूण आहे. ती शब्द उच्चारताना मेंदूलाही शिकवते. दुसऱ्या कुठल्याच रीतीनं माणूस पुढे यंत्राशिवाय बोललेला नाही. उद्या हे बोलले, तर सगळे सेतू बंद. आणि त्यांचं यंत्र आपल्याकडे कुणाला परवडतंय?”

मग मगदूमच म्हणाले, “चातुर्मास चालू आहे. मी मौन धरतो.”

“अहो, देवाच्या नावानं खोटं?”

“मौनात खोटं कुठं असतंय गं?”

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या तज्ज्ञांनी यंत्र उतरवलं. चित्रं दाखवली, प्रश्न विचारले. शेवटी राजमतीबाईंना पुढे बसवून विचारलं, “या कोण?” मगदूमांचे ओठ थरथरले. ते मिटलेलेच राहिले.

निकाल केंद्राच्या बाजूनं लागला.

“आता घरात तरी बोलू दे त्यांना,” राजमतीबाई म्हणाल्या.

“दार लावून, काकू. अगदी हळू,” मुजावर म्हणाले. “यंत्राशिवाय एकही रोगी बोलल्याचं कळलं, की दावा पुन्हा उभा राहील.”

“एकही?” डॉक्टरांनी विचारलं. “वकीलसाहेब, आज ना उद्या सगळेच शिकणार आहेत.”

“मग ते शिकणार नाहीत, असं काहीतरी करा.”

डॉक्टर प्रयोगशाळेत परतल्या. देवाचं नाव घेतल्याशिवाय त्या कधी कामाला हात लावत नसत. आज घेतलं नाही. आज्ञावलीच्या आतलं वाचता येत नसलं, तरी तिच्यातून मेंदूकडे उलट जाणारा, त्याला शिकवणारा संकेत तोडता येत होता; तो त्यांनी तोडला. शब्द आता यंत्रातून उमटतील, पण यंत्र काढलं की माणूस मुकाच.

फोन वाजला. गडहिंग्लजहून एक बाई हुंदके देत होती.

“डॉक्टरबाई, पोरगी बोलली! सेतू काढून आंघोळ घालत होते, तर ‘आ’ म्हणाली. ‘आई’च म्हणायचं असंल! उद्यापर्यंत पुरतं म्हणंल की नाही?”

डॉक्टरांनी डोळे मिटले.

“कुणी ऐकलं का?”

“मीच तेवढी. का हो?”

“कुणाला सांगू नका. यंत्रात बिघाड झालाय. आजच्या आज तिला घेऊन या.”