सम हरवलेली नाडी

दवाखान्यात ईसीजी काढणाऱ्या ज्योत्स्नाताई यंत्र खांद्याला लावून लालबागच्या राममंदिरात पोचल्या, तेव्हा कीर्तन थांबलं होतं आणि दूधवाल्या मालूबाईचा लोटा कुलपात गेला होता.

कीर्तनकार चुडामणबुवा मंडपामागच्या खोलीत आडवे पडले होते. पूर्वरंग संपता संपता ते उभ्याचे खाली बसले होते. दवाखान्याची गाडी यायला वीस मिनिटं होती.

"गाडी गेली की पोलिसांना फोन," सप्ताहाची व्यवस्था पाहणारे जीवनशेठ म्हणाले. "तीन दिवस झाले. साडेआठला या बाईचं दूध, नऊला कीर्तन, आणि बुवांची छाती धडधड. सीधी बात आहे."

मालूबाई दारातच उभी होती. "चौदा वरीस झाले मले दूध आणता. हे नाव लागलं तर कोन्या देवळात पाय ठेवू मी?"

ताईंनी बुवांच्या छातीला तारा लावल्या. पट्टी सरकत बाहेर आली. एकशे अठरा. वेग जास्त, पण ठोके सारख्या अंतरावर.

"पडले तेव्हाही अशीच होती? नाडी कोणी धरली होती?"

"मी." पखवाजवाले भास्करराव पुढे आले. पेपर मिलमधून निवृत्त झाल्यापासून ते बुवांच्या साथीला होते.

"सांगू नका. वाजवून दाखवा."

भास्कररावांनी मांडीवर बोटं टेकवली. "परवा आणि काल अशी." ठोके जलद पडले, पण एका चालीत. "गजर चढतो तशी हळूहळू चढली, दुपारी तशीच उतरली."

"आज?"

बोटं अडखळली. दोन ठोके जवळ, मग खड्डा, मग तीन, मग एकच. "असं. सम सापडेना, ताई. इतकी वर्षं साथ केली, पण या तालाला कोण साथ करील?"

"परवा पहिल्यांदा कधी जाणवलं?"

"काकड्याचा प्रसाद वाटत होते. बुवांनी माझा हात घेऊन छातीवर ठेवला."

ताई बुवांकडे वळल्या. "अजून काय होतं?"

"हात कापतो. चिपळ्या निसटतात. मळमळतं. तोंड तर सकाळीच कडू, औषधानं."

"कसलं औषध?"

"दम्याचं. सात वर्षं चालू आहे. पहाटे आंघोळ झाली की विपुल देतो."

विपुल बुवांचा पंचविशीतला शिष्य. तो लगेच म्हणाला, "वही दवा आहे ताई, डॉक्टरवाली. पाकीट बघा ना."

पाकीट खरं होतं. एकही कॅप्सूल जास्त गेली नव्हती. ताईंची नजर फळीवरच्या छोट्या खलावर गेली. खलात मध चिकटला होता. फळीवर मुंग्यांची रांग होती, पण खलात एकही मुंगी उतरली नव्हती.

त्यांनी कडेला बोट लावून जिभेला टेकवलं आणि तोंड वाकडं केलं. मग मालूबाईचा हात धरला.

"शेठ, ही नाडी बघा. जोरात आहे, पण चाल सरळ. ही भीतीची. हळू चढते, हळू उतरते. दुसरी असते ती बटण दाबल्यासारखी. एकदम सुरू, एकदम बंद, मधे घड्याळासारखी नेमकी. ती हृदयाच्या आतल्या वायरिंगची. बुवांची तशी नाही. ती हळू चढली आणि उतरली, म्हणजे बाहेरून कोणीतरी हाकत होतं. भीती म्हणावी तर बुवांना कसली भीती? हात कापतो, मळमळतं, म्हणजे पोटात काहीतरी जास्त जातंय. दोन दिवस हृदय नुसतं धावलं. आज चालच सोडली. ही तिसरी, हिला मोजमाप नसतं, आणि हीच घातक."

"मग दूधच ना?"

"काकड्याचा प्रसाद सातला वाटतात. दूध साडेआठला येतं. नाडी दुधाच्या आधीच पळत होती." त्या विपुलकडे वळल्या. "सातच्या आधी बुवांच्या पोटात एकच गोष्ट जाते. अख्खी कॅप्सूल गिळली तर तोंड कडू होत नाही, आणि खल कडू आहे. कॅप्सूल फोडून मधात खललीस ना?"

विपुल खाली बसला.

"आतले दाणे वेगवेगळ्या वेळी विरघळावेत म्हणून तसे बनवलेले असतात रे. दिवसभराचं औषध तू तासाभरात उतरवलंस."

"मला नव्हतं माहीत," तो पुटपुटला. "मोबाईलवर पाहिलं, ते वरचं कवच जनावराच्या हाडांपासून बनतं. गुरुजींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. सात साल से तेच गिळतायत. कळलं असतं तर त्यांनी अन्न सोडलं असतं. म्हणून गुपचूप… दाणे कडक होते, म्हणून वाटले."

"आणि मालूबाईवर आलं तेव्हा?"



बुवांनी डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांतून पाणी आलं. ताईंनी घाईने मनगट धरलं.

"घाबरू नका," बुवा म्हणाले. "कोणत्या मुक्या जीवानं सात वर्षं मला गायला श्वास दिला, ते आज कळलं. त्याच्यासाठी आधीच देवाचं नाव घ्यायला हवं होतं." मग विपुलकडे पाहून म्हणाले, "माझी माळ सांभाळलीस. हिची अब्रू नाही सांभाळलीस. ऊठ. पाया पड."

विपुल उठला. मालूबाईने पाय मागे घेतले, मग तसेच राहू दिले.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. "ही पट्टी आणि खल डॉक्टरांकडे द्यायचा," ताई म्हणाल्या. "रक्त तपासतील. तोवर ते औषध बंद."

"जीवनशेठ, कुलूप काढा," बुवा म्हणाले.

स्ट्रेचर मंडपातूनच न्यायला लावलं त्यांनी. सगळी माणसं उभी राहिली. बुवांनी मालूबाईच्या हातचा लोटा मागितला.

"दोनच घोट," ताईंनी बजावलं.

बुवांनी सगळ्यांदेखत दोन घोट घेतले आणि लोटा तिच्या हातात परत दिला.

"उद्या साडेआठला, मालूबाई. दवाखान्यात आण."