साठ माना

भर दुपारी आत्या पिल्लांना जेवू घालत होती. पिल्लं म्हणजे प्रार्थना कीटकांची. हात जोडल्यासारखे बसतात ना, ते हिरवे किडे. एकत्र ठेवली की एकमेकांना फस्त करतात, म्हणून साठ पिल्लांना साठ बरण्या. शेजाऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून मध्ये कागदाचे पडदे.

"शी! मेलेली चिलटं खातात?" भाचीने विचारलं. तिचं तान्हं बाळ खिडकीपाशी पाळण्यात गाढ झोपलं होतं.

"अगं, नखरे बघ यांचे! समोरचं हललं तरच खाणार, नाहीतर ढुंकून बघायची नाहीत." आत्याने कुंचल्याच्या टोकाने चिलट हलवलं. पिल्लाने झडप घातली. "तीस वर्षं प्रयोगशाळेत हेच केलंय. मला काय शिकवतील ही?"

तेवढ्यात त्या पिल्लाने घास सोडून मान वळवली. मधे पडदे असूनही साठच्या साठ माना दाराकडे वळल्या. दारात कुणीच नव्हतं. खोलीत कुजक्या पानांचा वास पसरला. माना सावकाश फिरत राहिल्या… कपाटाकडे… खुर्चीकडे… आणि पाळण्यावर थांबल्या. मग मान तेवढी सोडून एकेक पिल्लू बरणीतल्या काडीला चिकटून निपचित झालं.

आत्याने ओळखलं. स्वतःला खाणारं कुणी जवळ आलं, तरच पिल्लं अशी थिजतात.

"हलू नकोस," ती कुजबुजली.

"आत्या, काय झालं…"

"गप्प. जे आत आलंय, तेही हलणाऱ्यालाच…"

पाळण्यात बाळाने पाय झाडला.

आत्या तडक समोरच्या भिंतीकडे धावली आणि दोन्ही हात जोरजोरात हलवू लागली. "इकडे बघ, मेल्या! इकडे!"

साठ माना तिच्या दिशेने फिरल्या.

"उचल बाळाला! पळ!"

भाचीने बाळाला छातीशी धरलं आणि धूम ठोकली. बाहेरचं दार धाडकन लागल्यावरच आत्या थांबली. हात होते तिथेच, वरच्या वर. माना तिच्यापासून जेमतेम चार हातांवरच्या रिकाम्या जागेवर खिळल्या होत्या.

"आत्या, ये ना गं बाहेर!" अंगणातून भाची रडत होती. बाळही रडत होतं. चला, लेकरू सुटलं. आत्याचा जीव भांड्यात पडला. आता नुसतं उभं राहायचं. किड्यांसमोर तासन्‌तास बसलेली बाई ती. संध्याकाळपर्यंत काय, सकाळपर्यंतही हलली नसती.

फक्त श्वासाने छाती वरखाली होत होती. आणि दर श्वासाला त्या साठ माना केसभर तिच्याकडे वळत होत्या.